सशाचं पोट थांबतं तेव्हा

घरातल्या सशानं खाणं सोडलं की एक सल्ला हमखास मिळतो: पोटात केसांचा गोळा झालाय, अननसाचा ताजा रस पाजा, त्यातलं एन्झाइम केस विरघळवतं. सल्ला ऐकायला शास्त्रीय वाटतो, म्हणूनच तो टिकून आहे. अननसात ब्रोमेलेन असतं आणि ते प्रथिनं तोडतं, इथपर्यंत खरंच आहे. पण केस हा केराटिनचा, आणि केराटिनचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांत इतके घट्ट बांधलेले असतात की ब्रोमेलेनचं त्यांच्यापुढे काही चालत नाही. शिवाय ठणठणीत सशाच्या जठरातही केस असतातच. दिवसभर अंग चाटणाऱ्या प्राण्याच्या पोटात केस जाणारच, आणि ते गवताबरोबर निमूटपणे पुढेही सरकतात. आधी पोटाची हालचाल मंदावते, मग आतलं पाणी आटतं, आणि त्यानंतर केस व चारा यांचा घट्ट गोळा होतो. म्हणजे गोळा हा आजाराचा परिणाम आहे. त्यालाच कारण समजलं की घरातली सगळी शुश्रूषा भलत्या दिशेला जाते, आणि या आजारात हाताशी वेळ फार थोडा असतो.

आपल्याकडे पाळतात तो ससा युरोपातल्या रानसशाचा वंशज, ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. आपल्या माळरानावर उड्या मारत जाणारा ससा वेगळ्या जातीचा आहे. त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि तो पाळता येत नाही. बाजारातून आणलेल्या पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या पिल्लाबरोबर विकणारा सांगतो, ‘गाजर द्या, पोळी द्या, बिस्किटही खातो.’ खातो हे खरं. पण त्याचं पोट यांतल्या कशासाठीच घडलेलं नाही.

ते कशासाठी घडलंय हे थोडं सविस्तर सांगतो, कारण सस्तन प्राण्यांच्या शरीरात मला इतकी विलक्षण रचना दुसरी दिसलेली नाही.

गाय रवंथ करते हे आपण शाळेत शिकलो. गाईच्या पोटातले जंतू सेल्युलोज आंबवतात ते पचनमार्गाच्या अगदी सुरुवातीला. आंबलेला चारा मग खऱ्या जठरातून आणि लहान आतड्यातून जातो, त्यामुळे जंतूंनी तयार केलेलं सगळं शोषून घ्यायला पुढे भरपूर वाट असते. सशाची आंबवण्याची जागा मात्र लहान आतडं संपल्यावर येते. तिला अंधनाल किंवा सीकम म्हणतात. माणसात हा भाग जेमतेम दोन-अडीच इंचांचा. सशात तो जठराच्या सुमारे दहापट मोठा असतो आणि पचनमार्गातली जवळजवळ ४० टक्के जागा व्यापतो. तिथले जंतू गवतापासून मेदाम्लं, ब गटातली जीवनसत्त्वं, के जीवनसत्त्व आणि स्वतःच्या शरीराच्या रूपानं उत्तम प्रथिनं तयार करतात. मेदाम्लं तिथल्या तिथे रक्तात जातात. पण प्रथिनं पचवून शोषणारं लहान आतडं मागेच राहिलं, त्यांचं काय करायचं?

ससा हा माल पुन्हा खातो. त्याची विष्ठा दोन प्रकारची असते हे १८८२ साली मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्यानं नोंदवलं. आपल्याला दिसतात त्या गोल, कोरड्या लेंड्या. दुसरा प्रकार म्हणजे मऊ, चकचकीत, उग्र वासाच्या बारीक गोळ्यांचा घोस. तो बहुधा जमिनीवर पडतच नाही. ससा मान वळवून थेट गुदद्वाराला तोंड लावतो आणि घोस न चावता गिळतो. अंग चाटतोय असं समजून आपण दुर्लक्ष करतो.

एकाच आतड्यातून दोन तऱ्हेचा माल कसा निघतो? मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला बाहेरच्या बाजूनं फुगवटे असतात. लगदा तिथे आला की अर्ध्या मिलिमीटरहून मोठ्या, न पचणाऱ्या काड्या मधोमध राहतात. ०.३ मिलिमीटरहून बारीक कण आणि पाणी कडेच्या फुगवट्यांत उतरतं. मग फुगवटे उलट्या दिशेनं आकुंचन पावतात आणि हे पाणी व बारीक कण मागे, अंधनालाकडे ढकलतात, तर काड्या पुढे जातात. सुपात धान्य पाखडताना भुसा पुढे उडतो आणि दाणा सुपात परततो, नेमकं तेच इथे स्नायू करतात. पुढे फ्यूसस कोलाय नावाचा जाड स्नायूंचा, मज्जातंतूंनी गच्च भरलेला एक छोटा पट्टा लागतो. हे सशांच्या गणाचंच वैशिष्ट्य. तो या सगळ्या हालचालींचा ताल धरतो आणि काड्यांतलं पाणी पिळून लेंडी घडवतो.

काही तासांनी, बहुधा ससा विश्रांती घेत असताना, पाळी पालटते. रक्तातलं अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक उतरतं, प्रोस्टाग्लँडिन गटातली द्रव्यं फुगवट्यांची उलटी हालचाल थांबवतात आणि पुढच्या आतड्याला चालना देतात. आता अंधनालातला माल न पाखडता थेट पुढे येतो आणि वाटेत त्याच्यावर श्लेष्म्याचं आवरण चढतं. हे आवरण महत्त्वाचं, कारण सशाच्या जठरातलं आम्ल फार तीव्र असतं, पीएच १ ते २. गिळलेला घोस त्या आम्लात काही तास शाबूत राहतो आणि आतले जंतू आपलं आंबवण्याचं काम चालूच ठेवतात. आवरण विरघळल्यावर सगळं लहान आतड्यात पचतं.

म्हणजे ज्या लांब काडीपासून सशाला जवळजवळ काहीच पोषण मिळत नाही, तिच्याच रेट्यावर आतडं हलतं राहतं. एखादी वाळलेली लेंडी बोटांत चुरडून पाहा. वास नसतो, चिकटपणा नसतो, हातात फक्त पिवळसर काड्यांचा भुगा येतो. निरोगी ससा दिवसाला अशा २०० ते ३०० लेंड्या टाकतो. त्या लहान होऊ लागल्या, एकमेकींना केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या किंवा कमी दिसू लागल्या, तर पोट मंदावतंय. रोज सकाळी पिंजरा झाडताना तिकडे नजर टाकायची सवय असेल, तर ससा जेवण सोडण्याच्या आधीच हे कळतं.

मंदावतं कशानं? चारा कमी आणि पोळी-बिस्किट जास्त, हे नेहमीचं कारण. दुसरं दात. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिलिमीटर. गवत दळताना ते झिजले नाहीत तर दाढांना टोकं येतात, ती जीभ कापतात, आणि भूक असूनही ससा तोंडातला घास टाकून देतो. कुत्र्याचं अंगावर येणं, फटाके, जोडीदाराचा मृत्यू, एप्रिल-मेमधला उकाडा हीदेखील कारणं आहेत. वाट कुठलीही असो, वेदना किंवा भीतीनं अनुकंपी मज्जासंस्था, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारी यंत्रणा, चेतते आणि आतड्याचा ताल बिघडतो. अन्न थांबलं की जंतू वायू करतात, वायूनं पोट ताणतं, ताणानं वेदना वाढते आणि आतडं आणखी थांबतं. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे आत गेलेल्याला मागची वाट नाही. इकडे उपाशी शरीर चरबी जाळायला काढतं, ती यकृतात साठते आणि यकृत निकामी होऊ लागतं. लठ्ठ सशात हे फार वेगानं होतं. म्हणून ससा १२ तास काही खात नसेल तर ती तातडीची वेळ समजावी. ‘उद्या सकाळी बघू’ म्हणण्याइतकी सवड त्याच्याकडे नसते.

ससा सहसा ओरडत नाही, विव्हळत नाही. शिकार होणाऱ्या प्राण्याला दुखणं लपवावंच लागतं. पण २०१२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी तयार केली. तिच्यात पाच गोष्टी पाहतात: डोळे किती मिटलेत, गाल आत ओढलेत का, नाकपुड्यांचा आकार बदललाय का, मिशा ताठ झाल्यात का आणि कान कसे धरलेत. याला आणखी दोन खुणा मी जोडेन: पाठ काढून कोपऱ्यात बसणं आणि करकर दात चावणं.

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिला प्रश्न असतो, पोट नुसतं थांबलंय की आतड्यात काही अडकलंय. ससा अचानक गळाठला, पोट टणक फुगलं आणि अंग गार पडलं, तर अडथळ्याची शक्यता मोठी. मधुमेहाच्या साध्या यंत्रावर कानातल्या शिरेचा एक थेंब तपासला तरी मदत होते. साखर ३६०च्या वर गेली असेल तर अडथळ्याचा संशय बळावतो. अशा सशाला घरी काहीही भरवलं तर जठर फुटू शकतं. म्हणून भरवण्याआधी तपासणी हवीच. ससे नेमानं पाहणारे डॉक्टर कमी असतात, तेव्हा ससा ठणठणीत असतानाच असा एक डॉक्टर शोधून ठेवावा. मुंबईकरांना परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

अडथळा नाही हे कळलं की खरी शुश्रूषा घरीच होते. सगळ्यात आधी वेदनाशामक, डॉक्टरांनी दिलेलं आणि त्यांनी सांगितलेल्या मापानं. वर सांगितलेली साखळी तिथेच तुटते, म्हणून वरकरणी बरं दिसलं तरी ते मध्येच बंद करू नये. मग पाणी. त्वचेखाली सलाइन डॉक्टर देतात. घरी बाटलीऐवजी पसरट वाटी ठेवावी आणि कोथिंबीर, पुदिना ओलाच द्यावा. मग चारा. गवताच्या भुकटीचं तयार खाद्य मिळतं. ते नसेल तर गवताच्या पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्या, कोमट पाण्यात भिजवून, गाळून पातळ करायच्या. सशाला टॉवेलात गुंडाळून टेबलावर नेहमीसारखं चार पायांवर बसवायचं. सुई काढलेली सिरिंज ओठाच्या बाजूनं आत घालायची, जिथे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. अर्धा-एक मिलिलिटर सोडायचं आणि त्यानं चावून गिळेपर्यंत थांबायचं. वजनाच्या किलोमागे दिवसाला ५० मिलिलिटरच्या आसपास, चार-पाच वेळांत, असा साधारण हिशेब असतो. नेमकं माप डॉक्टरांकडून घ्यावं. पाठीवर उताणं करून मात्र कधीही भरवू नये. उताणा ससा शांत पडतो ते भीतीनं गोठून, आणि घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो तो वेगळाच.

अंग गार लागत असेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी, पण त्याला बाजूला सरकता येईल अशी जागा सोडून. सशाचं तापमान ३८.५ ते ४० अंश असतं. ते ३८च्या खाली जाणं फार वाईट लक्षण. उन्हाळ्यात उलट काळजी. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, कानांच्या शिरांतून तो उष्णता बाहेर टाकतो. तेव्हा खोलीत थंडावा हवा.

आता न करायच्या गोष्टी. दही भरवणारे पुष्कळ. पण मोठ्या सशाच्या अंधनालात बॅक्टेरॉइड्स जातीच्या जंतूंचं राज्य असतं, तिथे दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसला जागा नाही, आणि तिथवर पोचायलाही ते आधी जठराच्या आम्लातून जिवंत जायला हवेत. ‘प्रोबायोटिक’ भुकट्यांच्या जाहिरातींवर पैसे घालवण्याआधी हे ध्यानात घ्यावं. त्याहून घातक म्हणजे घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन. पेनिसिलिन गटातलं औषध तोंडावाटे दिलं की अंधनालातले चांगले जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचे घातक जंतू माजतात आणि त्यांच्या विषानं ससा दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. कुत्र्याच्या पिसवांसाठीचं फिप्रोनिलही सशाला विषारी.

आणि नजर. पांढराशुभ्र ससा आजारी पडला की ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरवून विस्तवात टाकणारी घरं आजही आहेत. ससा श्वास घेतो तो केवळ नाकानं. आधीच अर्धमेल्या झालेल्या त्या जिवाला मिरच्यांच्या धुरात ठेवणं हा निव्वळ छळ आहे, आणि त्यात दवाखान्यात पोचायचे तास वाया जातात ते वेगळेच.

जोडीचा ससा असेल तर दोघांना एकत्र ठेवावं. दवाखान्यातही त्याला बरोबर न्यावं. एकटेपणाचा ताण या आजाराला परवडत नाही.

पोट सुरू झालं की पहिल्या लेंड्या बारक्या, वाकड्यातिकड्या, कधी श्लेष्म्यानं माखलेल्या येतात. त्या पाहून भरवणं थांबवू नये. तो स्वतः पाला खाऊ लागेल तसं सिरिंजचं प्रमाण कमी करत जावं, गवत सतत समोर असावं आणि पेलेट सगळ्यांत शेवटी सुरू कराव्यात. ताजी हरळी चालते. लसूणघासात कॅल्शियम जास्त असतं, तो मोठ्या सशाला नेहमी देऊ नये. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज वजन करावं. आणि दुखणं उतरल्यावर आठवडाभरात दाढांची तपासणी जरूर करून घ्यावी. दाढेचं टोक तसंच राहिलं तर तो पुन्हा गवत टाळू लागतो, आणि काही आठवड्यांत आपण परत सिरिंज धुऊन बसतो.