ठाण्याची गाडी बदलून पाहिजे? आधी लॉगबुक काढा

पोळ्याच्या दिवशी आमच्या ठाण्याची बोलेरो ऐन बाजार चौकात बंद पडली. तोरणाखाली बैलांच्या जोड्या उभ्या, झडत्या रंगात आलेल्या, आणि चार पोरं मागून गाडीला धक्का देऊन राहिलेली. एका म्हाताऱ्याने आवाज दिला, "जमादार, हिले एक जोडी जुंपा ना बापा, ओढून नेतीन!" सारा चौक हसला, मीही हसलो. ठाणेदार साहेब तेवढे हसले नाहीत. या गाडीच्या निर्लेखनाचा, म्हणजे तिला निकामी ठरवून सरकारी वापरातून काढण्याचा प्रस्ताव एकदा वर जाऊन परत आला होता, आणि तो परत आला होता माझ्यामुळे.

झालं असं की गाडीचं स्पीडोमीटर चार महिने बंद होतं. नोंद करून दुरुस्तीला पाठवायचं सोडून मी लॉगबुकात, म्हणजे गाडीच्या नोंदवहीत, रोज अंदाजाने ६० किलोमीटर लिहीत गेलो. पेट्रोलिंग ६०, समन्स वाटप ६०, बंदोबस्त ६०. तपासणाऱ्या कारकुनाने पानं चाळली आणि पेन्सिलीने शेरा मारला, ‘किमी संशयास्पद, खुलासा सादर करावा.’ मग खुलासा, त्यावर विचारणा, पुन्हा खुलासा. यात दोन वर्षं गेली आणि गाडी तीच राहिली.

मी पोलीस चालक म्हणून नोकरी काढली, शेवटची काही वर्षं जिल्ह्याच्या मोटार परिवहन विभागात, म्हणजे आपल्या भाषेत एमटीत होतो. नवे चालक, ठाण्यातले कारकून, कधी एखादे सरपंचही विचारतात की गाडी बदलायची तर अर्ज कुठे करायचा. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

अर्ज कोणाचा, कोणाकडे

‘नवी गाडी द्या’ असा छापील अर्ज नसतो. दोन वेगवेगळी पत्रं जातात आणि लोक इथेच घोळ घालतात. एक, जुन्या गाडीचा निर्लेखन प्रस्ताव. दुसरं, त्या जागी गाडीची मागणी. दोन्ही ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या सहीने, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यामार्फत पोलीस अधीक्षकांकडे जातात. तिथून एमटी शाखा छाननी करते. राज्याच्या पोलीस मोटार परिवहनाचं मुख्य कार्यालय पुण्यात आहे. एकाच पत्रात दोन्ही विषय कोंबले तर ते पत्र दोन टेबलांमध्ये फिरत राहतं, म्हणून जावक क्रमांक वेगळे घ्या.

बीट जमादार, चालक किंवा पोलीस पाटील यांना थेट प्रस्ताव पाठवता येत नाही. पण चालकाचा लेखी दोष-अहवाल हा प्रस्तावाचा पाया असतो. "साहेब, गाडी चालू होऊन नाही राहिली" असं तोंडी दहा वेळा सांगून काही होत नाही. कागदावर एकदा लिहा, स्टेशन डायरीला नोंद घ्या.

कोणती गाडी पात्र

तीन दारं आहेत.

पहिलं वयाचं. केंद्राने १६ जानेवारी २०२३ रोजी मोटार वाहन नियमांत बदल केला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं पूर्ण झाली की सरकारी गाडीची नोंदणी संपते, नूतनीकरण होत नाही. जून २०१० मध्ये नोंदलेली गाडी जून २०२५ मध्ये संपली, मग ती कितीही टुणटुणीत असो. तारीख आरसी बुकावरची धरायची, ठाण्याला मिळाल्याची नाही. कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या चिलखती व विशेष वाहनांना यातून सूट आहे. गडचिरोलीत सुरुंगरोधक गाड्या दिसतात, त्या या प्रकारच्या. साध्या पेट्रोलिंग बोलेरोला ‘आम्ही पण कायदा-सुव्यवस्थाच बघतो’ म्हणून ती सूट मागू नका. असा एक प्रस्ताव मी डोळ्यांनी पाहिलाय.

दुसरं दार वापराचं. वर्षं आणि किलोमीटर दोन्ही बघतात, आणि वाहनाच्या प्रकारानुसार मर्यादा वेगळी असते. एमटीकडून चालू परिपत्रकाची प्रत मागून प्रस्तावाला जोडा.

तिसरं दार म्हणजे दुरुस्ती परवडत नाही असं सिद्ध होणं. अपघातात चेसिस वाकली, पुरात इंजिनात पाणी गेलं, अशा वेळी वय कमी असलं तरी निर्लेखन होतं. मात्र जबाबदारी निश्चित झाल्याशिवाय फाइल सरकत नाही. चालकाची चूक होती का, याची चौकशी आधी पुरी व्हावी लागते.

लॉगबुक, हिस्ट्री शीट आणि इंजिनचे तास

खरा सगळा खेळ इथे आहे. गावखेड्यातली पेट्रोलिंग गाडी चालते थोडी आणि उभी जास्त राहते. फाट्यावर नाकाबंदी लागली की इंजिन सुरू, वर लाल-निळा दिवा, वायरलेस सेट चालू, आणि किलोमीटर शून्य. महिनाअखेर एमटी डिझेल भागिले किलोमीटर करते आणि सरासरी खाली गेलेली दिसते. मग विचारणा येते की डिझेल कुठे गेलं. प्रामाणिक चालकसुद्धा चोर ठरतो. यावर उपाय साधा आहे. लॉगबुकात अशी ओळ लिहायची:

‘नाकाबंदी, फाटा, २२.०० ते ०३.००. इंजिन उभ्याने चालू २ तास. किमी ०. अंमलदाराची सही.’

अशा ओळी वर्षभर असतील तर कमी किलोमीटरची गाडीसुद्धा का थकली, हे तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

उभ्याने चालण्याचा दुसरा फटका १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांना बसतो. धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर स्वतःला साफ करायला भरपूर उष्णता मागतो. ती लांब आणि एकसारख्या चालण्यातून मिळते. ठाणे ते तहसील, तहसील ते कोर्ट अशा आखूड फेऱ्यांत ती मिळत नाही. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर एका वेगात चालवून आणा आणि त्या फेरीचं कारण लॉगबुकात लिहा. तालुक्याचा मिस्त्री "हे डबडं काढूनच टाकतो" म्हणेल. त्याच्या हाती गाडी देऊ नका. तो बदल पुढे तपासणीत सापडतो आणि खर्च चालकाच्या अंगावर येतो.

पाण्याची गोष्टही लिहून ठेवा. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, गाडी तापली, की जवळच्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय असते. ते खारं पाणी रेडिएटर आतून खातं. मी एक रेडिएटर उघडलेला पाहिलाय, चुनखडीने नळ्या अशा बुजलेल्या की काडी जाईना. गाडीत पाच लिटर कूलंटचं कॅन ठेवा, इंडेंट, म्हणजे मागणीची चिठ्ठी टाकून मागा. सोयाबीन-तुरीच्या मळणीच्या दिवसांत एअर फिल्टर नेहमीच्या वेळापत्रकाआधी बघा, धुळीने तो पार चोंदतो.

प्रत्येक टायर, बॅटरी, क्लच प्लेट हिस्ट्री शीटवर, म्हणजे गाडीच्या दुरुस्तीच्या नोंदतक्त्यावर, तारीख आणि किलोमीटरसह चढलीच पाहिजे. जॉबकार्ड आणि बिलाची प्रत सोबत हवी. खिशातून शंभर-दोनशे घालून केलेली पंक्चर-वेल्डिंगची कामंही लिहा. पैसे मिळोत न मिळोत, गाडी किती वेळा मिस्त्रीच्या दारात गेली हे कळतं.

प्रस्तावाला लागणारे कागद

- आरसी बुकाची प्रत, चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा
- लॉगबुकाचा वर्षवार गोषवारा: किलोमीटर, इंधन, बंद असलेले दिवस
- हिस्ट्री शीट आणि आजवरच्या दुरुस्तीचा एकूण खर्च
- कार्यशाळेचं चालू दुरुस्तीचं अंदाजपत्रक
- मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल, त्यात उरलेली किंमत
- चारही बाजूंचे, इंजिनचे आणि ओडोमीटरचे फोटो
- गाडीवर अपघाताचा खटला, दावा किंवा लेखापरीक्षणाचा आक्षेप बाकी नसल्याचा दाखला

शेवटच्या कागदावर बहुतेक फाइली अडकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये सरकारी गाडीला विम्याची सक्ती नाही, त्यामुळे अपघाताचा भरपाई दावा थेट शासनावर येतो. दावा न्यायाधिकरणात चालू असताना गाडी भंगारात गेली तर पुढचा साहेब अडचणीत येतो. म्हणून अपघात झालेल्या गाडीचा निकाल काय लागला, हे सरकारी वकिलांकडून लेखी घ्या.

मंजुरीनंतर

गाडी सोडण्याआधी तिच्यावरचं सामान उतरवायचं असतं. वायरलेस सेट बिनतारी संदेश विभागाकडे. ११२ ची गाडी असेल तर तिच्यातला टॅबलेट, ज्याला एमडीटी म्हणतात, तो पोचपावती घेऊन जमा करायचा. दिवा, सायरन, भोंगा यांचीही यादी करायची. एका ठाण्यात गाडी गेली आणि सेट तिच्यातच गेला. तो शोधताना दोन जमादारांची सुट्टी रद्द झाली होती.

१५ वर्षं पूर्ण झालेली गाडी फक्त नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रालाच देता येते. त्यामुळे "ठाण्याची जुनी जीप लिलावात घेतो, वावरात कामाले येईल" हे आता विसरा. केंद्र गाडी जमा केल्याचं आणि मोडल्याचं अशी दोन प्रमाणपत्रं देतं. ती आरटीओत नेऊन नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर तीन वर्षांनी त्या नंबरवर चलन येतं आणि उत्तर देत बसावं लागतं.

नवी कोणती मागायची

मागणीपत्रात कंपनीचं नाव लिहू नका. खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर किंवा निविदेतून होते आणि तिथे वैशिष्ट्यं चालतात. त्याऐवजी हद्दीचं वर्णन करा. गावं किती, डांबरी रस्ता किती, पांदण किती, पावसाळ्यात कोणते नाले रस्ता बंद करतात, सर्वांत दूरचं गाव ठाण्यापासून किती किलोमीटर. काळ्या मातीत मिरगाच्या पहिल्या दोन पावसांनंतर काय होतं, हे मुंबईत बसून कळत नाही. रस्ता गोळा होऊन चाकाला चिकटतो आणि पुढच्या चाकावर ओढणारी मोठी कार जागीच फिरते. बोलेरोसारखी, मागच्या चाकावर जोर असलेली आणि पाट्यांच्या स्प्रिंगची गाडी तिथे बरी पडते, जरी तीही चारही चाकांना ताकद नसेल तर रुततेच. याउलट समृद्धी महामार्गालगतच्या ठाण्याने बोलेरो मागून काय करायचं? तिथे स्थिर, वेगवान गाडी लागते. सुमो २०१९ मध्ये बंद झाली. अजून एखाद्या ठाण्यात असेल तर सुटे भाग मिळत नाहीत, हा मुद्दा प्रस्तावात जरूर घाला.

नव्या गाड्या बरेचदा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून येतात. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यात ठरतो, म्हणून मागणी दिवाळीआधी अधीक्षक कार्यालयात पोचलेली बरी. मार्चमध्ये पाठवलेलं पत्र फाइलमध्ये झोपतं. आणि हे लक्षात ठेवा की नवी गाडी मुख्यालयात येते, ती तुमच्याच ठाण्याला मिळेल असं नाही. कधी नवी शहराकडे जाते आणि तिथली चार वर्षांची तुमच्याकडे वर्ग होते. चार वर्षांचीच असेल तर कुरकुर करू नका, घ्या.

गावकऱ्यांना काय करता येतं

ग्रामसभेचा ठराव आणि सरपंचांचं निवेदन अधीक्षकांना द्या, प्रत आमदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना. ‘गाडी जुनी आहे’ एवढंच लिहू नका. अमुक तारखेला फोन केला, गाडी बंद असल्याने पोलीस इतक्या वेळाने आले, असं लिहा.

माहिती अधिकारातही विचारता येतं. अर्ज अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. उत्तर ३० दिवसांत. ठाण्याच्या वाहनाचं नोंदणी वर्ष, एकूण किलोमीटर, वर्षभराचा दुरुस्ती खर्च आणि बंद राहिलेले दिवस, एवढंच मागा. गस्तीचा मार्ग आणि वेळ विचारली की सुरक्षेचं कारण देऊन नाकारतात.

नवी गाडी ताब्यात घेताना

मुख्यालयात हारतुरे झाले की चावी हातात येते आणि सगळ्यांना निघायची घाई असते. थांबा. स्टेपनी, जॅक, टॉमी, टूलकिट, फर्स्ट एड बॉक्स मोजा, मगच सही करा. ओडोमीटर शून्यावर नसतो, गाडी शोरूमपासून चाळीस-पन्नास किलोमीटर आलेली असते. नव्या लॉगबुकाच्या पहिल्या ओळीत तोच आकडा लिहा, आणि परतीच्या वाटेवर स्पीडोमीटर हलतोय ना, तेही बघा.