आघाडीवरची प्रेमपत्रं आणि मधला तिसरा वाचक : पार्श्वभूमी

लग्न ठरलंय, तो आघाडीवर, ती घरी, आणि दोघांमध्ये फक्त टपाल. दुसऱ्या महायुद्धातल्या अशा जोडप्यांची पत्रं आज वाचताना एक गोष्ट खटकते. लढाईबद्दल त्यांत जवळपास काहीच नसतं, आणि प्रेमसुद्धा पुष्कळदा हात आखडून लिहिलेलं असतं. तो काळच संकोची होता, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण हे पत्र तिच्या हाती पडण्याआधी दुसरंच कुणी वाचणार आहे, हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत होतं.

सैनिकाच्या पत्राला सवलत ही जुनीच गोष्ट. ब्रिटनमध्ये साध्या शिपायाला एका पेनीत पत्र धाडता येत होतं ते १७९५ पासून. अमेरिकी यादवी युद्धातही ढिगानं प्रेमपत्रं लिहिली गेली. मात्र जवळजवळ प्रत्येक पत्र उघडून वाचायचं, हे काम कारखान्यासारखं चालू झालं १९१४ नंतर.

ब्रिटिश सैन्यात शिपायांची पत्रं त्यांच्याच तुकडीचा अधिकारी वाचत असे. अधिकाऱ्याची स्वतःची पत्रं मात्र त्याच्या शब्दावर सोडलेली. म्हणजे रात्री ज्यानं तुमचं ‘प्रिये’ वाचलं, सकाळी त्याच्याच समोर ताठ उभं राहायचं. ज्याला हे नको असेल त्याच्यासाठी छापील पोस्टकार्ड होतं : मी ठीक आहे, मी इस्पितळात आहे, तुझं पत्र मिळालं. लागू नसलेल्या ओळी खोडायच्या, खाली सही आणि तारीख. त्यापलीकडे एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड नष्ट. एवढ्या कार्डावर प्रेम कसं करायचं हा प्रश्नच होता, पण निदान जिवंत असल्याची खूण पोचत असे.

मग १९१५ मध्ये हिरवा लिफाफा आला, आणि खरा वादाचा विषय हाच. आत फक्त खासगी आणि कौटुंबिक मजकूर आहे, असं सैनिकानं लिफाफ्यावर सही करून स्वतःच्या इभ्रतीवर सांगायचं. मग ते पत्र तुकडीत उघडलं जात नसे. हे लिफाफे मोजूनमापून मिळत, त्यामुळे त्यांना भाव होता. सैनिकावर विश्वास टाकणारी उदार सोय, असं त्याचं वर्णन बहुतेक ठिकाणी सापडतं. ते अर्धंच खरं आहे. लिफाफ्यावरच छापलेलं असे की पिछाडीच्या तळावर पत्र तपासलं जाऊ शकतं. म्हणजे वाचणारा हटला नव्हता, फक्त बदलला होता. ओळखीच्या साहेबाऐवजी अनोळखी माणूस, आणि तोही वाचेल किंवा वाचणार नाही. माझ्या मते सोय झाली ती भिडेची. अनोळखी माणसासमोर लाज कमी वाटते, एवढाच त्या हिरव्या रंगाचा अर्थ. तरीही काहींनी तेवढ्या आडोशाला मन मोकळं केलं, हे नाकारता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं याच धर्तीवर निळा लिफाफा ठेवला.

त्या युद्धात आणखी एक अडचण उभी राहिली, वजनाची. विमानात जागा कमी, म्हणून पत्राचा फोटो काढून फक्त फिल्म धाडायची. १८७० च्या पॅरिसच्या वेढ्यात कबुतरांकरवी हेच केलं होतं. ब्रिटिशांचा एअरग्राफ १९४१ मध्ये सुरू झाला, अमेरिकी व्ही-मेल जून १९४२ मध्ये. दीड लाख पत्रांचं २,५७५ पौंडांचं ओझं व्ही-मेलमुळे ४५ पौंडांवर आलं. तिच्या हाती पडे तो मूळ कागदाच्या साधारण चौथाई आकाराचा, करड्या छटांचा फोटो. त्यात ना कागदाचा वास, ना शाईचा रंग. मुली पत्रावर लिपस्टिकचे ओठ उमटवत, आणि तो थर यंत्रात चिकटून बसे. यंत्रावरच्या लोकांनी त्याला ‘लाल पीडा’ अशा अर्थाचं नाव ठेवलं होतं. चुंबनाची खूण म्हणून पत्रात काढलेल्या फुल्याही संशयातून सुटल्या नाहीत. रांगेनं काढलेल्या फुल्यांत सांकेतिक निरोप असेल, या शंकेनं त्या खोडल्या जात.

यात ठरलेल्या लग्नाची म्हणून एक वेगळी अडचण होती. मृत्यूची किंवा बेपत्ता असल्याची तार सहसा बायकोला नाहीतर आईवडिलांना जाई. वाग्दत्त वधूला कळे ते त्याच्या घरच्यांकडून. कधी तेही नाही, तिचंच पत्र शेरा मारून परत येई. अनेकींच्या बाबतीत साखरपुडा किती गंभीर होता याचा लेखी पुरावा म्हणजे फक्त ती पत्रं.

आणि तीही सहसा एकाच बाजूची. त्यानं धाडलेली तिच्या ट्रंकेत राहिली. तिनं धाडलेली खंदकात भिजली, सामान हलकं करताना टाकली गेली. पत्रं उलटसुलट क्रमानं पोचत, म्हणून बरीच जोडपी त्यांवर आकडे घालत. आज तिचं बोलणं त्याच्या उत्तरांतून हुडकावं लागतं : चौदावं मिळालं, तेरावं अजून नाही, त्यात काय होतं ते पुन्हा लिही.