लाईन (शब्द)

लाईन हा शब्द इंग्रजीतून आला, पण विदर्भातल्या खेड्यात त्याला आता कोणी परका समजत नाही. मराठीत तो स्त्रीलिंगी झाला (ती लाईन, त्या लाईनी, लायनीत), बहुधा ओळ, रांग, रेघ हे जुने शब्द स्त्रीलिंगी होते म्हणून.

या शब्दाचं मूळ मात्र जवसात आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडे जास्त लोकांना माहीत असायला पाहिजे. लॅटिनमध्ये जवसाच्या झाडाला आणि त्याच्या धाग्याला लिनुम म्हणत, त्या धाग्याची दोरी म्हणजे लिनेआ, आणि दोरी ताणली की रेघ सरळ पडते म्हणून दोरीचं नाव रेघेलाच लागलं. इंग्रजीत तो दोन वाटांनी पोचला, दोर आणि ओळ या अर्थांनी जुन्या इंग्रजीत आधीपासून होता आणि पुढे त्याच लॅटिन मुळाचा फ्रेंच शब्द येऊन त्यात मिसळला. लिनन कापड, अस्तराचं लायनिंग, जवसाच्या तेलापासून होणारं लिनोलियम हे सगळे याच कुळातले. लिनुमच्याही मागे काय होतं यावर एकमत नाही. ग्रीकमध्ये लिनोन आहे, म्हणून काही अभ्यासक लॅटिनने तो ग्रीकमधून घेतला असं मानतात, तर काहींच्या मते दोघींनी तो आणखी जुन्या कुठल्या भाषेतून उचलला. आयरिश आणि स्लाव भाषांमध्येही मिळतेजुळते शब्द आहेत हे पाहता दुसरं मत जास्त पटतं, कारण पीक फिरतं तसं त्याचं नावही फिरतं. जॉर्जियातल्या झुझुआना गुहेत सुमारे 30,000 वर्षांपूर्वीचे धागे सापडले, ते जवसाचे असल्याचं 2009 मध्ये मांडलं गेलं, पण ते जवसाचेच कशावरून असा आक्षेपही लगेच आला.

आपल्याकडे जवस तेलासाठी नाहीतर चटणीसाठी पेरतात, दोरीसाठी नाही. वनस्पती एकच, पण धाग्याचं जवस उंच वाढतं, फांद्या कमी, आणि तेलाचं बुटकं, भरपूर बोंडांचं. पूर्व विदर्भात धान उभं असतानाच बांधीतल्या (धानाच्या शेतातल्या) ओलीवर जवस किंवा लाखोरी (लाखेच्या डाळीचं बी) फेकून देतात, त्याला उतेरा म्हणतात.

दोरीचा जुना अर्थ गवंड्यांनी टिकवला आहे. भिंत धरताना ताणतात ती लाईनदोरी, म्हणजे खरं पाहता दोरीदोरी, आणि पायव्याची आखणी म्हणजे लाईनआऊट.

शब्द इकडे आला कधी? कामठीची छावणी 1821 ची, तिथल्या बराकींच्या रांगा म्हणजे लाईनी, आणि नागपूरची सिव्हिल लाईन किंवा गावोगावच्या पोलीस लाईनी त्याच वळणाच्या. दुसरी वाट रेल्वेची, भुसावळकडून रूळ 1867 मध्ये नागपूरला पोचले. शहरात छावणीचा शब्द आधी रुळला असेल, पण खेड्यात तो रेल्वेनेच नेला असावा, कारण रूळ थेट शेतांमधून गेले. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर धावायची त्या शकुंतला गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटरचं, अशा अरुंद मार्गाला छोटी लाईन म्हणतात.

आज खेड्यात नुसतं लाईन म्हटलं की वीज. "लाईन गेली काय?" यात तारेचा काही संबंध नाही, करंट गेला का एवढंच विचारायचं असतं. "लाईन कवाची आहे?" म्हणजे कृषीपंपाची थ्री फेज कोणत्या पाळीत आहे. रातची लाईन असली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला थंडीत, अंधारात, सापाकिरड्यातून जावं लागतं, म्हणून हा शब्द ऐकला की घरच्या बायांचा जीव खालीवर होतो. डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली तर लाईन आठ-आठ दिवस नसते, तवर पीक वाळतं. तारेवर काम करणारा तो लाईनमन.

पिकाच्या ओळीला मात्र जाणते लोक अजून तासच म्हणतात, सोयाबीनच्या इतक्या तासांनंतर तुरीचं एक तास, तिथे लाईनला अजून पूर्ण जागा मिळालेली नाही. बाजार समितीत कापसाच्या, तुरीच्या गाड्या लायनीत लागतात. पोरगं लाईनवर आलं म्हणजे सुधारलं. लाईन मारणे सगळ्यांना माहीत आहे.

ऑनलाईन हा याच शब्दाचा सगळ्यात नवा वापर, पण खेड्यात तो बहुतेक क्रियापदासारखा चालतो, ऑनलाईन करणे म्हणजे सेतू केंद्रावर जाऊन पीक विम्याचा नाहीतर दाखल्याचा अर्ज भरून घेणे, आणि सर्व्हर बंद असला की त्या ऑनलाईनसाठीही बाहेर लाईन लागते.