प्रकल्पाला बसलेली भरपाई आणि गावकऱ्याची नुकसानभरपाई

‘प्रदूषणाबद्दल प्रकल्पाला लाखोंची भरपाई भरण्याचे आदेश.’ अशी बातमी आली की नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा या औष्णिक वीज केंद्रांच्या पट्ट्यातली माणसं दोन दिवसांत विचारायला लागतात, पैसे कोणत्या खात्यात येणार? आधार जोडलेलं लागेल का? त्यांचं काही चुकत नाही. बातमी छापणाऱ्यानं, भाषण ठोकणाऱ्यानं आणि निवेदन देताना फोटो काढून घेणाऱ्यानं त्यांना तसंच सांगितलेलं असतं. वर्षानुवर्षं हाच घोळ चाललाय. त्यापायी हक्काच्या दाव्यांची मुदत टळते, म्हणून हे एकदा नीट मांडतो.

गावकऱ्याची नुकसानभरपाई म्हणजे काय, हे विदर्भातल्या कास्तकाराला शिकवायची गरज नाही. गारपीट, अतिवृष्टी, तलाठ्याचा पंचनामा, सातबारा, पासबुकाची झेरॉक्स. प्रदूषणात फरक एवढाच की पैसे सरकारनं मदत म्हणून द्यायचे नसतात, ज्यानं नुकसान केलं त्यानं द्यायचे असतात. आणि ते मागायला तहसीलमध्ये जायचं नसतं, पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जायचं असतं. आपल्यासाठी त्याचं पुण्याचं खंडपीठ.

घोळ होतो तो दुसऱ्या भरपाईपाशी. बातमीत असते ती बहुतेक वेळा ‘पर्यावरणीय भरपाई’. तिचा आणि तुमच्या दवाखान्याच्या खर्चाचा काहीही संबंध नाही, आणि हे तिचा हिशोब पाहिल्याशिवाय पटत नाही. म्हणून हिशोबच पाहू.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं त्यासाठी एक सूत्र ठरवून दिलंय. पाच आकडे घ्यायचे आणि गुणाकार करायचा. पहिला उद्योगाचा प्रदूषण निर्देशांक, लाल, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या वर्गातल्या उद्योगाला तो 80. दुसरा नियम मोडल्याचे दिवस. तिसरा रुपयांचा गुणक, 100 ते 500 च्या मध्ये, सर्वसाधारणपणे 250 धरायला सांगितलेला. चौथा उद्योगाचा आकार, मोठ्याला 1.5. पाचवा जागेचा, तो शहराच्या लोकसंख्येवरून ठरतो. 10 लाख ते 50 लाख वस्तीच्या शहराला 1.25, आणि 2011 च्या जनगणनेत नागपूरची वस्ती 24 लाख होती. मांडा आता. 80 गुणिले 250 म्हणजे 20,000. त्याचे दीडपट 30,000. त्याचे सव्वापट 37,500. हे झाले एका दिवसाचे. शंभर दिवस नियम मोडला तर साडेसदतीस लाख.

या गुणाकारात तुमच्या घरातला दमा कुठे आहे? कुठेच नाही. कोणाच्या बोअरचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, कोणाच्या संत्र्याच्या पानांवर राखेचा थर बसला, कोणाची मजुरी बुडाली, यातलं काहीच त्यात धरलेलं नाही. उद्या गावातले सगळे आजारी पडले किंवा सगळे ठणठणीत बरे झाले, तरी ही रक्कम रुपयानंही हलणार नाही.

जिथून रक्कम निघते तिथे माणूस नाही, तसा ती जिथे जाते तिथेही नाही. ती मंडळाच्या खात्यात जमा होते आणि पर्यावरण सुधारण्याच्या कामाला वापरायची असते. राखेचंच बघा. 31 डिसेंबर 2021 च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे औष्णिक वीज केंद्रानं ठरलेल्या मुदतीत जी राख वापरात आणली नाही, तिच्यावर टनाला 1,000 रुपये पर्यावरणीय भरपाई बसते. ते पैसे केंद्रीय मंडळाकडे जातात, आणि ते कशावर खर्चायचे हे त्याच अधिसूचनेत लिहिलंय: उरलेल्या राखेची सुरक्षित विल्हेवाट आणि राखेच्या वापराचं संशोधन. हरित न्यायाधिकरणानं पर्यावरणाच्या हानीबद्दल रक्कम भरायला लावली, तर त्याच्या कायद्याच्या कलम 24 प्रमाणे ती पर्यावरण साहाय्य निधीत जाते.

याचा अर्थ ही भरपाई कुचकामी आहे असा कोणी घेऊ नये. ती बसलीच पाहिजे, जबर बसली पाहिजे. नियम मोडणं नियम पाळण्यापेक्षा स्वस्त पडत राहिलं, तर कोणताही प्रकल्प सुधारणार नाही. शिवाय त्या आदेशात तारखा असतात, पाहणीचे अहवाल असतात, पाण्याच्या नमुन्यांचे आकडे असतात. तुमच्या स्वतःच्या दाव्याला याहून चांगला पुरावा मिळणं कठीण. आदेश निघाला की माहितीच्या अधिकारात सगळ्या जोडपत्रांसह त्याची प्रत काढून घ्या. पण तो आदेश म्हणजे तुमचा दावा नव्हे. ‘केस जिंकलो’ म्हणत फटाके फोडणाऱ्यांचा मला फार राग येतो, कारण त्या दिवसापासून गाव गाफील होतं आणि मुदत मात्र सरकत राहते.

बाकीचे किरकोळ गोंधळ झटपट उरकतो. प्रकल्पानं मंडळाकडे हमी म्हणून ठेवलेली बँक गॅरंटी जप्त झाली, तर तेही पैसे मंडळाचेच. कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून आलेली पाण्याची टाकी किंवा डोळे तपासणीचं शिबिर म्हणजे नुकसानभरपाई नाही, आणि ते घेतल्यानं तुमचा हक्क संपतही नाही. तसं लिहिलेल्या कागदावर मात्र सही करू नका.

आता तुमच्या भरपाईचं. हरित न्यायाधिकरण कायदा 2010 चा, त्याचं कलम 15, आणि कायद्याच्या शेवटी जोडलेली दुसरी अनुसूची. तिच्यात कशाकशासाठी पैसे मागता येतात ते एकेक करून दिलंय. मृत्यू. कायमचं किंवा तात्पुरतं अपंगत्व, इजा, आजार. त्यामुळे बुडालेली मजुरी. औषधपाण्याचा खर्च. खाजगी मालमत्तेचं नुकसान. दुभती आणि ओढकामाची जनावरं. पिकं, भाजीपाला, झाडं, बागा. धंदा किंवा रोजगार बुडणं. कलम 15 असंही सांगतं की न्यायाधिकरण भरपाई या शीर्षांप्रमाणे वेगवेगळी विभागून देऊ शकतं, म्हणून दावाही तसाच मांडावा. ‘समस्त गावकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं, योग्य ती भरपाई मिळावी’ या निवेदनी भाषेतून कोणाच्याच हाती काही पडत नाही. अमक्याच्या आईच्या इन्हेलरचे इतके, वावरातल्या गाळाचे इतके, असं घराघराचं लिहावं लागतं. संघटनेनं सगळ्यांच्या वतीनं अर्ज केला तरी आतला तपशील घराघराचाच लागतो.

दावे मोडतात ते इथेच. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण 30 ते 45 टक्के. कोराडीत 660 मेगावॅटचे तीन संच आणि खापरखेड्याचे 1,340 मेगावॅट, म्हणजे राखेचे डोंगर. त्या राखेत सिलिका असतं, थोड्या प्रमाणात आर्सेनिक, शिसं, पारा असतो, आणि तिचे सगळ्यात बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत उतरतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दाव्यात सिद्ध करायचं असतं ते तुमच्या घरातल्या माणसाचं. गावोगाव प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले दवाखान्याचे कागद मी पाहतो. घडीवर फाटलेला केसपेपर, त्यावर ‘खोकला, 15 दिवस’ आणि खाली सिरपचं नाव. माणूस कुठे राहतो, खोकला किती वर्षांचा, बिडी ओढतो की नाही, वैशाखात वारा सुटला की वाढतो का, काही नाही. समोरचा वकील पहिला प्रश्न बिडीचाच विचारणार आणि दुसरा चुलीचा. म्हणून डॉक्टरांना सांगून पत्ता, काम आणि किती वर्षांचा त्रास हे लिहून घ्या. छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची स्पायरोमेट्री तारखेसह जपा. औषधांची बिलं फेकू नका, आणि त्यांची शाई उडायच्या आत झेरॉक्स काढा.

हळूहळू जडलेला आजार आणि एकदम झालेला अपघात यांत कायदा फरक करतो. अपघात असेल तर कलम 17 प्रमाणे समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. राखेचा बांध फुटला, तुमचं वावर बुडालं, एवढं दाखवलं की पुरे. हळूहळू चढणाऱ्या आजारात मात्र आजाराचा प्रदूषणाशी संबंध तुम्हालाच दाखवायचा असतो. म्हणून वर कागदांवर इतका भर दिला.

मुदत पाच वर्षांची, दाव्याचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस मिळू शकतात, पुढे नाही. ‘पहिल्यांदा’ हा शब्द कायद्यातलाच आहे, त्यामुळे राख रोजच उडते तेव्हा मुदतही रोज नव्यानं सुरू होते या भरवशावर राहू नका. 2022 च्या जुलैत कोराडी प्रकल्पाचा खसाळ्याचा ॲश बंड, म्हणजे राख साठवायचा बांध, मुसळधार पावसात फुटला आणि राखेचं पाणी आसपासच्या गावांत शिरलं. त्या दिवसाच्या नुकसानीची पाच वर्षं 2027 च्या जुलैत पुरी होतात. मंडळानं प्रकल्पाकडून मधल्या काळात काय वसूल केलं, कोणत्या नोटिसा काढल्या, यानं ती तारीख पुढे जात नाही.

अर्जाची फी मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, किमान 1,000 रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, पण त्याचा दाखला अर्जासोबतच जोडावा लागतो, तेव्हा तो आधी काढून ठेवा.