एका बीतून दोन रोपं

दहिवडीच्या बाजूला एका रोपवाटिकेत एकाच पिशवीत कागदी लिंबाची दोन रोपं दिसली. म्हटलं, चुकून दोन बिया पडल्या असतील. मालकांनी माती झटकून रोपं हातात दिली. "बी एकच हाय ओ, बघा की." खरंच, दोन्ही देठ एकाच उकललेल्या टरफलातून निघाले होते.

लिंबाच्या बीत नेहमीसारखा, परागकण आणि स्त्रीबीज मिळून झालेला एक गर्भ असतो. पण त्याच्या आजूबाजूच्या, निव्वळ आईच्याच पेशींतून आणखी गर्भ फुटतात. त्यांच्यात बापाचा अंशही नसतो. म्हणजे निसर्गानंच बांधलेलं कलम म्हणा ना! बऱ्याचदा हेच गर्भ जोमदार निघतात आणि बापाचा वाटा असलेला मागे पडतो. संत्र्याच्या बीत एकाहून जास्त गर्भ असतात, हे सूक्ष्मदर्शकातून जीव न्याहाळणाऱ्या डच संशोधक लेवेनहूकनं 1719 मध्येच पाहिलं होतं. हे घडवणारा जनुक मात्र 2017 मध्ये सापडला: त्याच्या शेजारी डीएनएचा एक छोटा तुकडा येऊन बसला आणि त्याची कळ दाबली गेली.

म्हणून तर माणदेशात कागदी लिंबाची बाग बियांच्या रोपांवरही उभी राहते. झाडं बहुतेक आईवरच जातात. संत्रा-मोसंबीचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, ज्यावर बसवून कलम करतात ते रंगपूर लिंबू आणि जंभेरी, हे खुंटही याच गुणामुळे एकसारखे मिळतात. पपनसाचं तसं नाही. त्याच्या बीत एकच गर्भ, आणि त्यात बापाचाही वाटा. गोड पपनसाची बी लावून तसंच गोड फळ मिळेल याचा भरवसा नाही. तिथं गुटी (झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) किंवा डोळाच हवा.

एकसारखेपणाचा तोटाही आहे. कागदी लिंबाला खैऱ्या, हा पानाफळांवर खरबरीत डाग पाडणारा रोग, लवकर धरतो. एक झाड बळी पडणारं असलं, तर त्याच साच्यातली शेजारची झाडं कशी तग धरणार?

घरी आल्यावर पोह्यांवर पिळलेल्या लिंबाच्या ओल्या बिया मी नखानं सोलल्या. टोकदार बाजूला पांढरट दाणे एकमेकांत दाटीवाटीनं बसलेले. पहिल्या बीत तीन निघाले, दुसरीत दोन. तिसरीत एकच होता. तो आईचा की दोघांचा, हे नुसतं बघून काही कळेना.