विडाल पॉझिटिव्ह आली म्हणजे टायफॉइडच का?

पावसाळा सुरू झाला की आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. उत्तर असं की, विडाल या एकट्या रक्ततपासणीवरून तसं म्हणता येत नाही. का म्हणता येत नाही, ते सांगण्यासाठी हे पत्रक. कोणती तपासणी करायची हे तुमचे डॉक्टर ठरवतील. नमुना कसा द्यायचा आणि आलेल्या रिपोर्टचा अर्थ किती ताणायचा, तेवढं इथे सांगतो.

जंतू नेमकं करतात काय

आतड्यात जंतू कायमच असतात. ई. कोलाय त्यातलाच, आणि त्याचे बहुतेक प्रकार तिथे गुपचूप राहतात. (तोच मूत्रमार्गात शिरला की लघवीला जळजळ होते. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, सर्वात जास्त वेळा सापडतो तो हाच.) आजार करणारे जंतू दूषित पाण्यातून, अन्नातून, न धुतलेल्या हातांवरून येतात.

पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या भिंतीत घुसत नाही. तिला चिकटून विष सोडतो आणि त्या विषामुळे शरीरातलं पाणी नि क्षार आतड्यात ओतले जातात. हे १९५९ साली शंभूनाथ डे यांनी कलकत्त्यात सशांच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं. शिगेला हा जंतू मात्र मोठ्या आतड्याच्या अस्तरातच घुसतो, म्हणून मुरडा, ताप, रक्त आणि आव. त्याचे शंभराच्या आत जंतू पोटात गेले तरी पुरतात, त्यामुळे घरात एकाला झालं की दुसऱ्यालाही होतं.

टायफॉइडचा साल्मोनेला टायफी सर्वात लबाड. तो लहान आतड्याची भिंत ओलांडतो आणि ज्या पेशींनी त्याला मारायचं, त्यांच्यातच लपून वाढतो. त्यांच्यासोबत यकृत, प्लीहा, हाडांतला मगज इथपर्यंत पोचतो. साधारण एक-दोन आठवडे माणसाला पत्ताच नसतो. मग जंतू रक्तात उतरतात आणि ताप चढू लागतो. जुलाब होतीलच असं नाही, काहींना उलट शौचाला साफ होत नाही. काही जणांच्या पित्ताशयात तो ठाण मांडतो आणि ते ठणठणीत बरे झाल्यावरही वर्षानुवर्षं शौचातून जंतू सोडत राहतात. स्वयंपाकाचं काम करणाऱ्यांची संडासची तपासणी मागतात ती यासाठी.

विडाल आणि ब्लड कल्चर

विडाल ही १८९६ सालची तपासणी. ती जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडी मोजते. त्या तयार व्हायला आठवडाभर लागतो, म्हणून तापाच्या तिसऱ्या दिवशी निगेटिव्ह आली तर त्यावरून काहीच ठरत नाही. उलट जुना टायफॉइड होऊन गेला असेल किंवा आत्ताचा ताप मलेरियाचा असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा करून अँटिबॉडींचा आकडा चौपट वाढला, तर त्याला वजन. पण तेवढं थांबतं कोण?

ब्लड कल्चर प्रत्यक्ष जंतू वाढवून दाखवतं. पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी केलं तर उत्तम. “एवढं रक्त कशाला?” असं विचारतात. टायफॉइडमध्ये एक मिलीलिटर रक्तात अनेकदा एखादाच जंतू असतो, कधी तोही नसतो. म्हणून मोठ्यांचं आठ-दहा मिलीलिटर घ्यावं लागतं. एवढं करूनही शंभरातले साठेक रुग्णच पकडले जातात, तेव्हा निगेटिव्ह आलं म्हणून डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध परस्पर बंद करू नका. जंतू वाढला तर कोणतं औषध लागू पडेल तेही कळतं. आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सॅसिनला टायफॉइडचे जंतू आता बहुधा दाद देत नाहीत, त्यामुळे हे कळणं महत्त्वाचं.

संडासचा नमुना

‘रूटीन’ आणि ‘कल्चर’ या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. रूटीनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली अमिबा, जंतांची अंडी, पू-पेशी दिसतात. कल्चरमध्ये जंतू वाढवतात. मॅकॉंकी आगर या जंतू वाढवायच्या थरावर ई. कोलायचे ठिपके गुलाबी येतात, साल्मोनेला-शिगेलाचे रंगहीन. त्या रंगहीन ठिपक्यांची पुढे ओळख पटवायची, मग औषधांची चाचणी, म्हणून रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात.

डबी आमच्याकडून न्या, घरची जॅमची बाटली नको. लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका. रक्त किंवा आव असलेला भाग घ्या, बदामाएवढा पुरे. तासाभरात आणून द्या, कारण शिगेला बाहेर फार टिकत नाही. रात्रीचा नमुना सकाळी आणला तर आम्ही तो परत करतो. राग मानू नये.

एक-दोन दिवसांच्या साध्या पातळ जुलाबांना कल्चरची गरज सहसा नसते. त्यातले पुष्कळ विषाणूंमुळे होतात आणि ते कल्चरमध्ये दिसतही नाहीत. ओआरएस पाजत राहा. रक्त, जोराचा ताप, आठवडा उलटूनही न थांबलेले जुलाब, किंवा लहान मूल मलूल झालेलं असेल, तर मात्र अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

कोणतंही अँटिबायोटिक आधी घेतलं असेल, अगदी मेडिकलमधून आणलेल्या दोन गोळ्या का असेनात, तर नाव आणि कधी घेतल्या ते काउंटरवर सांगा. आम्ही ते फॉर्मवर लिहून घेतो.