पाला लँडफिलमध्ये टाकला तरी त्याची मातीच होते?

‘झाडाचा पालाच तो, लँडफिलमध्ये (कचरा पुरतात त्या जागेत) गेला तरी माती होणार’, हा अमेरिकेतल्या उपनगरांमधला जुना समज. ऐकायला पटतो, पण खरा नाही. आधुनिक लँडफिल म्हणजे खतखड्डा नव्हे. तळाला प्लास्टिकचं जाड अस्तर, कचरा अवजड यंत्रांनी ठासलेला, रोज वर साधारण सहा इंच मातीचा थर. आत हवा नाही, ओलही कमीच. मग कुजणार कसं?

ॲरिझोना विद्यापीठाच्या विल्यम रॅथ्जे यांच्या पथकाने जुनी लँडफिल्स खणली, तेव्हा कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं चक्क वाचता आली. (बातम्या शिळ्या, कागद शाबूत!)

आणि जे थोडंफार कुजतं, ते हवेविना, मिथेन हा हवामान तापवणारा वायू सोडत. शिवाय पाला जागा अडवतो ती वेगळीच. म्हणून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने १९९३ पासून अंगणातला पाला-गवत लँडफिलमध्ये टाकायलाच बंदी केली.

काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) कंपोस्ट यार्डात याच पाल्याच्या लांबलचक राशी घालून त्या यंत्राने उलटतात. राशीच्या पोटात तापमान ५५ अंशांवर जातं, तणाचं बी मरतं, काही महिन्यांत खत तयार. तिथे डोकेदुखी एकच: पाल्यासोबत आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. म्हणूनच अनेक ठिकाणी पाला कागदी पिशवीतच भरा, असा नियम असतो.